नदीवरचा काँक्रीटचा पूल : वाचकांचे प्रश्न, अभियंत्यांची उत्तरे

पूल कसा बांधतात, तो का खचतो, गावाने त्याच्याकडे कसे पाहावे, अशा आशयाची पत्रे पावसाळ्यापूर्वी नेहमीच येतात. त्यातली निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. समजायला सोपे जावे म्हणून बहुतेक हिशेब एकाच पुलावर मांडले आहेत : सह्याद्रीच्या पायथ्याची नदी, १५० चौरस किलोमीटर पाणलोट, ८० मीटर रुंद पात्र, २० मीटरचे ४ गाळे (गाळा म्हणजे दोन आधारांमधला पुलाचा भाग).

आमच्या नदीवर पूल मंजूर झाला आहे. मोजणीला आलेले लोक म्हाताऱ्या माणसांना पुराची खूण विचारून गेले. एवढ्यावर पुलाची उंची ठरते का? – एक वाचक, तालुका पाटण

एवढ्यावर ठरत नाही, पण सुरुवात तिथूनच व्हायला हवी. देवळाची पायरी, घराची भिंत, जुन्या झाडाचा बुंधा, जिथे जिथे पाणी आल्याचे लोक सांगतात तिथली खूण दोन्ही काठांवर निदान तीन-चार ठिकाणी घेतात आणि लेव्हलिंगने एकमेकींशी जोडतात. एखादी खूण बाकीच्यांपेक्षा मीटरभर वेगळी आली तर ती बहुधा वेगळ्या पुराची असते. खालच्या अंगाला कोल्हापुरी बंधारा असेल तर त्या वर्षी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) वेळेत काढले होते का, हेही विचारावे. बरगे अडकलेले असताना चढलेले पाणी ही नदीची खरी पातळी नव्हे.

यातून पातळी कळते. विसर्ग वेगळा काढावा लागतो, आणि तोही एकाहून अधिक रीतींनी. घाटातून उतरणाऱ्या, पंख्यासारख्या पसरलेल्या पाणलोटाला आपल्याकडे इंग्लिसचे सूत्र लावतात : क्षेत्राला १२५ ने गुणायचे आणि क्षेत्र अधिक १० यांच्या वर्गमुळाने भागायचे. १५० चौरस किलोमीटरला उत्तर येते सेकंदाला सुमारे १,४८२ घनमीटर. आता हेच नदीच्या छेदावरून पडताळा. पूरपातळीखालचा छेद ४४० चौरस मीटर, पाण्याला टेकणारी परिमिती ८५ मीटर, उतार हजार मीटरला दीड मीटर आणि पात्राचा खडबडीतपणा ०.०३५ धरला, तर वेग सेकंदाला ३.३ मीटर आणि विसर्ग सुमारे १,४६० घनमीटर येतो. दोन्ही आकडे जुळले, म्हणजे गावकऱ्यांनी दाखवलेली खूण विश्वासाची आहे. जुळले नाहीत तर मोठा आकडा घेतात. मात्र तो दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त असेल, तर दीडपटीवर थांबतात आणि मोजणी पुन्हा तपासतात. इंग्लिसचे सूत्र विदर्भातल्या सपाट पाणलोटाला लावू नये, आकडा भलताच फुगतो.

३०० ते ३,००० घनमीटर विसर्गाला पूरपातळी आणि तुळईचा तळ यांत १.२ मीटर मोकळी जागा सोडतात. खांबांच्या अडथळ्याने चढणारे पाणी आधी पूरपातळीत मिळवायचे. त्यावर तुळई आणि स्लॅबची मिळून सुमारे १.७ मीटर जाडी येते. म्हणजे रस्ता पूररेषेच्या निदान तीन मीटर वर जातो आणि दोन्हीकडे तेवढे उंच जोडरस्ते लागतात. या भरावाची जमीन अंदाजपत्रकात नीट धरलेली नसते, म्हणूनच पुष्कळ पूल बांधून पूर्ण होतात आणि जोडरस्त्याविना पडून राहतात.

महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. तो ब्रिटिशकाळातला दगडी कमानींचा होता. सळया घातलेल्या काँक्रीटच्या पुलाला तशी भीती नाही ना? – एक वाचक, महाड

भीती आहे, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. नदीवरचे पूल गाड्यांच्या ओझ्याने क्वचित पडतात. बहुतेक पुलांना पाणी पाडते, आणि तेही खालून. खांबावर आदळलेले पाणी त्याच्या नाकाडावरून खाली वळते, तळाशी भोवरा धरते आणि पायाभोवतीची वाळू उचलून नेते. या खरवडीला अभियंते स्कावर म्हणतात. वरचा खांब दगडाचा आहे की काँक्रीटचा, याच्याशी तिला देणेघेणे नाही. सर्वांत घातक गोष्ट ही, की पूर ओसरताना तोच खड्डा सैल गाळाने पुन्हा भरतो. चार दिवसांनी पाहायला गेलेल्या माणसाला पात्र सपाट दिसते.

खरवड किती खोल जाईल याचा अंदाज आपल्याकडे लेसीच्या सूत्राने काढतात. पायासाठी विसर्ग मुद्दाम वाढवून धरतात. लहान पाणलोटाला ३० टक्के वाढ धरली की आपल्या पुलाचा विसर्ग १,९२७ घनमीटर होतो. दीड मीटर जाडीचे ३ खांब वजा करून पाण्याला ७५.५ मीटर रुंदी उरते, म्हणजे दर मीटर रुंदीतून २५.५ घनमीटर. पात्रात अर्धा मिलिमीटर दाण्याची वाळू असेल तर सरासरी खरवड पूरपातळीखाली १०.८ मीटर येते. खांबापाशी ती दुप्पट धरतात, २१.६ मीटर. काठावरच्या ॲबटमेंटला, म्हणजे पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीला, १.२७ पट धरतात, १३.७ मीटर. खांबाचा खोल पाया त्याही खाली, २१.६ च्या १.३३ पट म्हणजे पूरपातळीपासून सुमारे २८.७ मीटरवर न्यावा लागतो. पुरातले पाणी सहा मीटर खोल धरा. उरलेले २२ मीटरहून अधिक सगळे वाळूत. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात गाळ असाच खोलवर असतो, म्हणून तिथे विहीर-पाया किंवा पाइल (जमिनीत खोल भोक पाडून ओतलेले काँक्रीटचे खांब) घेतात.

हाच विसर्ग घाटाखालच्या बेसॉल्टच्या पात्रात असेल तर चित्र पालटते. दोन-तीन मीटरवर पक्का खडक लागतो आणि उघडा पाया त्यात ०.६ मीटर रुतवला की पुरतो. खडक कच्चा असेल तर १.५ मीटर. पण तो खडकच आहे याची खात्री हवी. मोठ्या धोंड्यावर ड्रिल अडकते आणि नोंद होते ‘खडक लागला’. म्हणून प्रत्येक खांबाखाली आणि दोन्ही ॲबटमेंटखाली वेगळे बोअर घ्यावे आणि खडकात निदान तीन मीटर उतरावे. आपल्या दख्खनी बेसॉल्टमध्ये दोन लाव्हा-थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा थर सापडतो. वर कठीण पाषाण, खाली पाण्याने विरघळणारी ती माती, आणि पाया वरच्या पातळ पाषाणावर! मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा, खडकही कोरडा असताना टणक वाटतो. पेटीत ठेवलेले गाभ्याचे तुकडे पाहिल्याशिवाय पायाची पातळी कायम करू नये.

खांब तिरका बसला तर हे सगळे बिघडते. ८ मीटर लांब, १.५ मीटर जाड भिंतवजा खांब प्रवाहाशी २० अंशांनी वळला, तर पाण्याला तो दीड नव्हे, चार मीटरहून अधिक रुंद दिसतो. प्रवाह दर पावसाळ्यात दिशा बदलत असेल तर गोल खांब घ्यावा. नाकाडाच्या आकाराचा फरक पाण्याच्या दाबातही दिसतो. ३.३ मीटर सरासरी वेगाला पृष्ठभागाजवळ गोल नाकाडावर चौरस मीटरला साडेसातशे किलोच्या आसपास दाब धरतात, चौकोनी नाकाडावर सतराशे.

उथळ पायाचे लहान पूल असतात त्यांना तळाची फरसबंदी वाचवते : वरच्या अंगाला ३ मीटर आणि खालच्या अंगाला ५ मीटर काँक्रीटची फरशी, तिच्या कडांना वर २ आणि खाली २.५ मीटर खोल आडभिंत, त्यापलीकडे मोकळ्या दगडांची मीटरभर जाड पट्टी, वर ३ आणि खाली ६ मीटर. दगड ४० किलोहून हलका नको. ही दगडपट्टी ‘नुसते दगड टाकायचे’ म्हणून वगळली की दोन-तीन पावसाळ्यांत आडभिंत उघडी पडते.

पाइल पाण्याने भरलेल्या भोकात ओततात म्हणे. मग सिमेंट धुऊन जात नाही का? – विद्यार्थिनी, स्थापत्य पदविका

नीट ओतले तर जात नाही. काँक्रीट वरून टाकत नाहीत, ट्रेमी नावाच्या किमान २०० मिलिमीटर व्यासाच्या नळीने ते थेट तळाशी पोहोचवतात, आणि ते पाण्याला वर ढकलत चढते. नळीचे तोंड कायम ओल्या काँक्रीटमध्ये निदान दोन मीटर बुडालेले हवे. घाईत नळी जास्त उचलली गेली की पाणी आणि चिखल मध्ये शिरतात, आणि त्या पातळीला पाइल तुटल्यासारखीच असते. काँक्रीट घट्ट चालत नाही. स्लम्प (ओले काँक्रीट साच्यातून काढल्यावर किती खाली बसते ते माप) १५० ते २०० मिलिमीटर, सिमेंट घनमीटरला ४०० किलो आणि दर्जा एम ३५ (म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३५ न्यूटन ताकद) ठेवतात. नदीच्या पुलाला पाइलचा व्यास १.२ मीटरपेक्षा कमी घेत नाहीत.

साइटवर करता येईल अशी एक तपासणी फार उपयोगी आहे. १.२ मीटर व्यासाच्या, २० मीटर खोल पाइलला २२.६ घनमीटर काँक्रीट लागलेच पाहिजे. १९ घनमीटरमध्ये ‘भरली’ तर कुठेतरी माती ढासळून पाइलची कंबर बारीक झाली आहे. प्रत्येक ट्रकनंतर दोरी सोडून पातळी मोजली आणि कागदावर आलेख काढला की ती जागाही सापडते.

आमचा ठेकेदार म्हणतो, तुळया नकोत, सरळ जाड स्लॅब टाकू, काम लवकर होईल. खरे काय? – ग्रामपंचायत सदस्य, जिल्हा सातारा

१० मीटर गाळ्यापर्यंत त्यांचे म्हणणे बरोबर आहे. दुपदरी पुलाची रुंदी ८.४ मीटर धरा, साडेसात मीटर रस्ता आणि दोन्हीकडचे कठडे. १० मीटरला स्लॅब साधारण पाऊण मीटर जाड येतो, ६३ घनमीटर, १५७ टन. २० मीटरला मात्र तो दीड मीटरवर जातो : २५२ घनमीटर, ६३० टन. तीन तुळया आणि वर पातळ स्लॅब घेतला तर त्याच २० मीटरला सुमारे ७२ घनमीटर, १८० टन पुरतात. पुलाने पेलायचे सर्वांत जड वाहन, ७० आर वर्गाची चाकांची गाडी, १०० टनांची असते. ६३० टनांचा स्लॅब आपली बहुतेक ताकद स्वतःलाच उचलण्यात घालवतो. २५ मीटरच्या पुढे साध्या सळयांच्या तुळयाही परवडत नाहीत, पूर्वताणित (आतल्या पोलादी तारा ताणून बसवलेल्या) तुळया घ्याव्या लागतात.

गाळा किती लांब घ्यायचा याचे जुने गमक अजूनही चालते : एका गाळ्याच्या वरच्या बांधकामाचा खर्च आणि एका खांबाचा पायासकट खर्च जवळपास सारखे आले की पूल स्वस्तात पडतो. खडक जवळ असेल तर लहान गाळे, पाया २५ मीटर खोल असेल तर लांब.

पुरात बुडणाऱ्या आमच्या पुलाला पक्के कठडे का नाहीत? माणसे वाहून जातात. – एक वाचक, जिल्हा यवतमाळ

पक्का कठडा झाडे-झुडपे अडवतो, पाणी तुंबते आणि सगळा पूलच धरण होऊन बसतो. म्हणून बुडीत पुलाला काढता येणारे किंवा आडवे पडणारे कठडे आणि उंच दगडी खुणा देतात. बुडाल्यावर काँक्रीटचे वजन घनमीटरला अडीच टनांवरून दीड टनावर येते, तुळयांमध्ये हवा कोंडली तर आणखी घटते. अशा पुलाला सपाट स्लॅब, गोलसर कडा, हवा जायला भोके आणि स्लॅब खांबाला जखडणाऱ्या सळया लागतात. पाणी पुलावर आल्यावर कोणताही कठडा माणसाला वाचवत नाही. दोन्ही टोकांना फाटक आणि ते बंद करणारा माणूस हवा, आणि ही मागणी ग्रामसभेने ठरावात घालावी.

खाडीजवळच्या पुलाच्या तुळयांतून सळया दिसू लागल्या आहेत. पूल फार जुना नाही. – एक वाचक, जिल्हा रत्नागिरी

खाऱ्या पाण्यातला क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचला आहे. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि वरचे काँक्रीट फोडून टाकतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, जिथे ओले-सुके आलटून पालटून होते, तिथे हे सर्वांत वेगाने घडते. अशा ठिकाणी एम ४५, पाणी-सिमेंट प्रमाण ०.३५ च्या आत आणि मुख्य सळयांना वेढणाऱ्या बाहेरच्या रिंगेवर ७५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आवरण हवे. कव्हर मुख्य सळईवर मोजून ‘झाले’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. रिंग तिच्या बाहेर असते आणि गंज तिथूनच सुरू होतो. कव्हर ब्लॉक त्याच दर्जाच्या काँक्रीटचे हवेत. खडीचे तुकडे किंवा फळीची ढलपी ठेवली तर गंजाला तयार वाट मिळते.

तुमच्या पुलावर नुसते प्लॅस्टर मारून घेऊ नका. आत क्लोराइड राहतोच आणि प्लॅस्टर फुगून पडते. सळईच्या मागपर्यंत काँक्रीट फोडून, सळई घासून, झिजलेल्या जागी नवी सळई जोडून मगच दुरुस्ती करावी लागते.

गाळ्याचे काँक्रीट टाकताना साइटवर नेमके काय बिघडते? – कनिष्ठ अभियंता, मराठवाडा

आधी वेळापत्रक. आपल्याकडे नदीतले काम दिवाळीनंतर पाणी उतरल्यावर सुरू होते आणि मृगाआधी खांब पूरपातळीच्या वर काढावा लागतो. अर्धवट पाया उघडा ठेवून पावसाळा अंगावर घेणे सर्वांत महाग पडते. उन्हाळ्यात सेंटरिंग (ओले काँक्रीट तोलणारा तात्पुरता सांगाडा) पात्रात उभे असताना अवकाळी पाऊस किंवा वरच्या धरणातून सोडलेले पाणी येऊ शकते. धरणाच्या शाखेला लेखी कळवून ठेवा.

सेंटरिंगवर १८० टन ओले काँक्रीट, शिवाय फळ्या, माणसे, यंत्रे, म्हणजे एका गाळ्याला २०० टनांच्या वर भार येतो. टेकू थेट वाळूवर ठेवले तर ते कमी-जास्त रुततात आणि तुळई घट्ट होण्याआधीच तडकते. जमीन दाबून घ्या, स्लीपर टाका, प्रत्येक टेकूखाली पट्टी द्या, दोन्ही दिशांना तिरके आधार बांधा. तिन्ही तुळया एकदमच थराथराने भरा, थर ४५० मिलिमीटरच्या आत. एक तुळई पूर्ण भरून दुसरीकडे गेलात तर सेंटरिंगवर भार एकांगी येतो.

सळया १२ मीटरच्या येतात. २० मीटरच्या तुळईत प्रत्येक सळईला सांधा येणारच. तो मध्यावर नको, आणि एकाच ठिकाणी निम्म्याहून अधिक सळयांचा नको. ३२ मिलिमीटरच्या सळईला व्यासाच्या ५० पट, म्हणजे १.६ मीटर चढसांधा (दोन सळया एकमेकींलगत ठेवून केलेला सांधा) द्यायचा झाला तर तुळईच्या तळाशी इतकी गर्दी होते की खडी खाली उतरतच नाही. शटर (साच्याच्या फळ्या) उघडल्यावर दिसणारे हनीकोंब (काँक्रीटमधल्या पोकळ्या) बहुतेकदा इथलेच असते. कपलर (सळया टोकाला टोक जोडणारी नळी) वापरा, २० मिलिमीटरपर्यंतची खडी घ्या आणि ४० मिलिमीटरची व्हायब्रेटर सुई खालपर्यंत पोचेल एवढी फट नकाशातच ठेवा.

पाण्याचे सांगायलाच हवे. मिश्रण घट्ट वाटते म्हणून ट्रकमध्ये पाइप सोडला जातो. घनमीटरला ३८० किलो सिमेंट आणि ०.४२ प्रमाण असताना २० लिटर जादा पाणी गेले की प्रमाण ०.४७ होते, ०.४५ ची मर्यादा गेली. स्लम्प कमी असेल तर काँक्रीट प्रवाही करणाऱ्या रसायनाची मात्रा वाढवा किंवा ट्रक परत पाठवा. ७२ घनमीटरला प्रत्येकी तीन क्यूबचे (ताकद तपासायच्या ठोकळ्यांचे) ५ नमुने लागतात. ते वेगवेगळ्या ट्रकमधून घ्या, पहिल्याच ट्रकमधून सगळे नकोत.

१४ दिवस सतत ओले गोणपाट किंवा वर बांध घालून पाणी. टेकू २१ दिवसांनी, आणि काढताना मध्यापासून टोकांकडे. टोकांकडून सुरुवात केली तर मधला टेकू तुळईला वर रेटतो, आणि तुळईत तिथे वरच्या बाजूला पुरेशी सळई नसते.

पुलावर चढताना गाडीला दणका बसतो. पूल खचला का? – एक वाचक, नाशिक

बहुधा पूल नाही, ॲबटमेंटमागचा भराव खचला आहे. तिथे काळी माती लोटली की पाऊस पिऊन फुगते, उन्हात आक्रसते. मुरूम किंवा वाळूमिश्रित भराव १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांत दाबावा, भिंतीलगत ६०० मिलिमीटर दगड-खडीची गाळणी आणि भिंतीत पाणी झिरपायला भोके ठेवावीत. वर साडेतीन मीटर लांब, ३०० मिलिमीटर जाड अप्रोच स्लॅब (रस्ता आणि पूल जोडणारा स्लॅब) हवा. दणका राहू दिला तर प्रत्येक ट्रक सांध्यावर आपटतो आणि मग खरोखरच पुलाचे नुकसान सुरू होते.

गावकऱ्यांना पुलाची तब्येत कशी ओळखता येईल? पुलाजवळून वाळूही उपसली जाते. – युवक मंडळ, जिल्हा जळगाव

वाळूचे आधी घेऊ. पाइलची उघडी लांबी ४ मीटरवरून ६ मीटर झाली तर त्याच आडव्या धक्क्याला ती सव्वातीनपटीहून अधिक वाकते, कारण वाकणे लांबीच्या घनाने वाढते. पुलाजवळच्या उपशाला बंदी असते ती याचसाठी. खांबावर रंगाने पातळीच्या खुणा करून घ्या. दरवर्षी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर पात्र कुठे आहे त्याचा फोटो काढा. तहसीलदारांकडे तक्रार करताना हे फोटो शब्दांपेक्षा जास्त चालतात.

वर पाहताना पाणी कुठे जाते ते पाहा. रस्त्यावरचे पाणी नेणाऱ्या नळ्या मातीने बुजल्या की ते सांध्यातून तुळईच्या टोकावर आणि बेअरिंगवर (तुळई जिच्यावर टेकते त्या बैठकीवर) उतरते. २० मीटरचा गाळा ३० अंश तापमान फरकाला ७ मिलिमीटर लांब-आखूड होतो. सांध्यात खडी-माती अडकली तर ही हालचाल कोंडते आणि ॲबटमेंटची वरची भिंत तडकते. सांधे आणि नळ्या साफ करायला फावडे पुरते. पिंपळाचे रोप मात्र नुसते उपटू नका, मूळ आत राहते. जागा दाखवून विभागाकडून ते रसायनाने मारून घ्या.

तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा आणि शेजारी पट्टी धरून फोटो घ्या. महिन्याने तो रेघेपलीकडे गेला असेल, किंवा बेअरिंगजवळ तिरका आणि वाढता असेल, तर सार्वजनिक बांधकामच्या उपविभागाला त्याच दिवशी लेखी कळवा. पत्रात गाळ्याचा क्रमांक, प्रवाहाच्या वरच्या अंगाची बाजू की खालच्या, आणि तडा खांबापासून किती अंतरावर आहे हे लिहा. खांब एका अंगाला कललेला दिसला किंवा कठड्याची रेघ कुठे बसलेली दिसली, तर पत्राची वाट न पाहता वाहतूक थांबवा आणि पोलीस ठाण्याला फोन करा.